महागातलं वॉलेट

हॉस्पिटलच्या तळघरात रेकॉर्ड रूम होती आणि त्या रेकॉर्ड रूममध्ये बावीस वर्षं मुरलेला एक माणूस होता. त्याला सगळे इंडेक्स म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण त्याला स्वतःला ते टोपणनाव वाटत नसे, पदवी वाटे. एखाद्या पेशंटचं आडनाव उच्चारायचा अवकाश, की हा खुर्चीतून न उठता सांगणार: चौथं कपाट, दुसरा कप्पा, डावीकडून हातभर. आणि फाइल तिथेच असायची. डॉक्टर बदलले, कॉम्प्युटर आले, कॉम्प्युटर बंद पडले, इंडेक्स आपला जागच्या जागी. अडचण एवढीच, की ही शिस्त तो संध्याकाळी हॉस्पिटलात ठेवून येत नसे. घरातले डबे, औषधं, मोजे, बिलं, सगळं आद्याक्षरांप्रमाणे. चहाची पूड ‘च’च्या फळीवर आणि साखर ‘स’च्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी बायकोला कपभर चहासाठी दोन फळ्यांमध्ये येरझाऱ्या घालाव्या लागत.

बायको बाइंडिंगचं काम करायची. पाठ निखळलेली, पानं सुटलेली, उंदरांनी चाखलेली अशी कुठलीही पुस्तकं येत, आणि ती त्यांना नवं अंग देई. पण हे सगळं जेवायच्या टेबलावर. लोखंडी प्रेसने टेबलाच्या एका टोकाला कायमचं ठाण मांडलेलं, आणि नवरा-बायको दुसऱ्या टोकाला ताटं घेऊन बसलेले. भातात कधी दोरा निघे, कधी खळीचा गोळा. ती कुरकुरत नसे, पण स्वतःची खोली हवी हे तिच्या मनाने कधीच घेतलं होतं.

आणि ती खोली अचानक टप्प्यात आली. आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने कामाचे पैसे रोख न देता तिच्या फोनमध्ये क्रिप्टोची काही नाणी टाकली होती. नको म्हणायचा तिला संकोच वाटला, आणि मग ती विसरूनही गेली. नाणी मात्र आपली भावाने चढत राहिली. एके दिवशी तिने सहज उघडून बघितलं तर कोपऱ्यावरच्या शिंप्याची अख्खी खोली घेता येईल एवढी झालेली! शिंपी थकला होता, मुलीकडे राहायला जाणार होता. खोलीला उत्तरेकडून मोठी खिडकी, दिवसभर सारखा उजेड. शिंपी म्हणाला, “सहा महिने लागतील मला आवरायला. पण देईन तर तुम्हालाच.”

“आत्ताच विकते आणि बँकेत टाकते,” बायको घरी येऊन म्हणाली.

“आत्ता?” इंडेक्स जेवता जेवता थांबला. “अगं, चढत्या भावात कुणी विकतं का? सहा महिने सांभाळू आपण. आणि सांभाळायचं माझ्यावर सोड.”

सांभाळण्यातच ज्याचा जन्म गेला त्याला नाही कोण म्हणणार? तीही नाही म्हणाली नाही, आणि तिचं चुकलं.

आता, ही नाणी फोनमध्ये ठेवणं धोक्याचं, त्यांची किल्ली एका वेगळ्या छोट्या यंत्रात ठेवायची आणि त्या यंत्राला हार्डवेअर वॉलेट म्हणतात, ही माहिती इंडेक्सला मेहुण्याकडून मिळाली होती. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं स्वतःचं वॉलेट अगदी साधं होतं. बोटाएवढं प्लास्टिक, दोन बटणं, नखाएवढा पडदा. ते त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पान्याशेजारी लोंबकळत असायचं आणि त्याला ग्रीस लागलेलं असायचं.

“हे घ्या, भाऊजी. स्वस्त आणि मस्त. दहा मिनिटांत काम होतं,” मेहुणा म्हणाला.

दहा मिनिटांत होणारं काम हे काम असतं यावर इंडेक्सचा मुळीच विश्वास नव्हता. त्याने नाक मुरडलं आणि अभ्यासाला बसला.

अभ्यास तीन महिने चालला. साधं घ्यायचं की महागातलं, या एका प्रश्नाचा त्याने असा काही कीस पाडला की बिचाऱ्या प्रश्नालाच भोवळ यावी. हॉस्पिटलातल्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर त्याने सतरा रकान्यांचा तक्ता आखला. पडदा केवढा, रंगीत की काळा-पांढरा, बटणं की स्पर्श, कवच प्लास्टिकचं की धातूचं, बॅटरी आहे की नाही, वजन किती, खोका कसला. खोक्याला एक अख्खा रकाना होता. लोकांनी लिहिलेले एक्केचाळीस अभिप्राय त्याने वाचले आणि अभिप्राय लिहिणाऱ्यांनाही गुण दिले. परदेशातला कुणी एक टकल्या व्हिडिओत महागातलं यंत्र ट्रकखाली घालून दाखवायचा. तो व्हिडिओ तर त्याने बायकोला बोलावून दोनदा दाखवला.

“आपल्याकडे ट्रक कुठून येणार?” बायकोने विचारलं.

“प्रश्न ट्रकचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.”

ती परत आपल्या शिलाईकडे वळली. मध्ये तीनचार वेळा म्हणाली, “अहो, चला ना एकदा, खोली बघून या. मी मापं घेतेय.” तो म्हणे, येतो, या आठवड्यात बॅटरीचा रकाना संपवतो. बॅटरीचा संपला की पडद्याचा निघे.

शेवटी स्वारी दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही यंत्रं पुढ्यात ठेवली. एकीकडे ते बोटाएवढं प्लास्टिक. दुसरीकडे काळ्या धातूचं, गुळगुळीत, कोपरे गोल वळवलेलं, रंगीत पडद्याचं देखणं प्रकरण. किंमत पाचपट.

“दोन्हींत नाणी तेवढीच सुरक्षित राहतात,” ती म्हणाली. “खरं सांगू का? यंत्राचं एवढं काही नसतं. यंत्र सुरुवातीला जे शब्द देतं ना, ते नीट सांभाळा. यंत्र मोडलं, हरवलं तरी दुसऱ्या यंत्रात ते शब्द भरले की सगळं परत मिळतं. साधं बारा शब्द देतं, हे महागातलं चोवीस.”

“म्हणजे दुप्पट सुरक्षित,” इंडेक्स म्हणाला.

“तसं नसतं, बारासुद्धा भरपूर…”

पण त्याने तिला पुढे बोलू दिलं नाही. दुकानातली मुलगी स्वतःहून स्वस्तातलं खपवू बघते म्हणजे नवशिकी असणार, असा त्याने मनाशी निकाल दिला. महागातलं घेतलं. वर शब्द कोरून ठेवायला स्टीलची पट्टी, अक्षरांचे ठसे आणि छोटी हातोडीही घेतली. आगीत पडली तरी पट्टीवरची अक्षरं राहतात म्हणे. घरी येताना तो ती पिशवी अशी धरून चालला होता की समोरून येणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती.

रविवारी सकाळी त्याने टेबल पुसलं, हात धुतले आणि यंत्र सुरू केलं. यंत्राने एकामागून एक चोवीस शब्द दाखवले. साधेच इंग्रजी शब्द, छत्री, बेडूक, काका, कोळसा अशा अर्थांचे, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. सोबतच्या कार्डावर एक ते चोवीस आकडे छापले होते, त्यांच्यापुढे त्याने ते सुवाच्य अक्षरात उतरवले. यंत्राने अधलेमधले दोनतीन विचारून खात्री करून घेतली. मग बायकोने फोनमधून नाणी तिकडे पाठवली. एवढं सगळं व्हायला, मेहुणा म्हणाला होता तशी, दहाच मिनिटं लागली, आणि इंडेक्सला चुटपुट लागून राहिली.

दुपारी तो ठसे आणि हातोडी घेऊन पट्टीपुढे बसला. समोर ते कार्ड. छत्रीनंतर बेडूक. बेडकानंतर काका. काकानंतर कोळसा. त्याला कसंतरीच व्हायला लागलं. एवढं महागाचं यंत्र, जगातली एवढी डोकी त्यामागे लागलेली, आणि शब्द असे वाटेल तसे फेकून दिलेले! उद्या घाईच्या वेळी त्यात एखादा शोधायचा म्हटला तर सापडायचा कसा? रेकॉर्ड रूममध्ये नवा गठ्ठा आला की तो जे करायचा तेच त्याने केलं. चोवीस चिठ्ठ्या केल्या, टेबलावर पसरल्या, इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे ओळीत मांडल्या, दोनदा तपासल्या आणि मग एकेक अक्षर ठोकत शब्द पट्टीवर कोरले. ए पासून सुरू, डब्ल्यूवर शेवट. काम संपल्यावर पट्टी हातात धरून त्याने उजेडात बघितली. इतकी सुंदर पट्टी कुठल्याच व्हिडिओत नव्हती.

त्यानंतर, टकल्याच्या सांगण्याप्रमाणे, त्याने ते कार्ड आणि त्या चिठ्ठ्या बेसिनमध्ये जाळल्या, राख पाण्याने वाहून लावली. यंत्रासोबत आलेली पुस्तिका त्याने ‘प’च्या कप्प्यात ठेवली. ती वाचली नाही. विकत काय घ्यावं यावर त्याने तीन महिने वाचलं होतं. घेतल्यावर वाचायला त्याच्यात त्राण उरलं नव्हतं.

तीन महिने आणखी गेले. शिंप्याने तारीख दिली. नऊ दिवसांवर खोलीचा व्यवहार आला, तेव्हा मेहुणा जेवायला आला.

जेवताना विषय निघायचाच होता. मेहुण्याने भातावर आमटी घेतली आणि म्हणाला, “भाऊजी, ते शोकेसमधलं पीस दाखवा की एकदा.”

इंडेक्सने हात धुतले आणि मखमलीच्या पिशवीतून यंत्र काढलं. मेहुण्याने ते उलटंपालटं करून बघितलं. “छान आहे. चकाचक. माझं परवा लिफ्टच्या खड्ड्यात पडलं. काढलं, पुसलं, चालू.”

“तुझं पडलं तर काय गेलं? त्यात आहे काय गमावण्यासारखं?”

“कमी का असेना, सुरक्षित आहे.”

“सुरक्षित!” इंडेक्सच्या नाकाचा शेंडा लाल झाला. “उद्या ते कुणी उचललं तर? माझ्यात तीनदा चुकीचा पिन टाकला की यंत्र आपणहून सगळं पुसून टाकतं. चोराच्या हाती भोपळा.”

“माझ्यातही तेच होतं, भाऊजी.”

“तेच होत नाही. ह्याच्यात पडद्यावर तिजोरी वितळताना दिसते. रंगीत.”

“काय सांगता!”

“बघायचीय?”

“अहो, नको,” बायको म्हणाली. “कशाला उगाच? नऊ दिवस राहिलेत.”

“अगं, शब्द आहेत ना आपल्याकडे! दोन मिनिटांत सगळं परत आणून दाखवतो. ह्याला एकदा कळू तरी दे, पैसे कशाचे मोजलेत ते.”

आणि त्या माणसाने, ज्याने बावीस वर्षांत एक फाइल हरवू दिली नव्हती, बायकोच्या डोळ्यांदेखत मुद्दाम चुकीचा पिन टाकला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा टाकण्याआधी तर त्याने मान वर करून दोघांकडे बघून घेतलं, रुमाल झटकण्याआधी जादूगार बघतो तसं. तिजोरी वितळली. रंगीत होती, खोटं नाही. सोनेरी थेंब खाली ओघळले आणि पडदा काळा झाला. मेहुण्याने मनापासून टाळी वाजवली.

इंडेक्सने पट्टी आणली आणि एकेक शब्द भरायला घेतला. चोविसावा भरला. यंत्र म्हणालं, शब्द चुकीचे आहेत.

“एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल,” तो म्हणाला. पुन्हा सगळे भरले, सावकाश, जिभेचं टोक दातांत धरून. शब्द चुकीचे आहेत. बायको जेवायची थांबली होती. तिसऱ्या वेळी मेहुणा म्हणाला, “आणा इकडे, मी वाचतो, तुम्ही भरा.” त्याने पट्टी घेतली आणि पाचसहा शब्द वाचले. मग थांबला.

“काय नशीब आहे, भाऊजी. तुम्हाला शब्द अगदी ओळीनेच मिळाले? ए, ए, बी, सी, सी…”

“मिळतात कसले! मी लावले.”

मेहुण्याने पट्टी खाली ठेवली. त्याचा चेहरा बघून इंडेक्सला आधी वाटलं, घास अडकला की काय.

“लावले म्हणजे? भाऊजी, त्यांचा क्रम हाच तर खरा कुलूपकिल्लीचा भाग. ते ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने भरायचे असतात. मूळचा क्रम कुठाय?”

“कार्डावर होता,” इंडेक्स म्हणाला.

“कार्ड काढा मग.”

“जाळलं.”

बायको पुढे झुकली. “आणि त्या चिठ्ठ्या केल्या होत्या तुम्ही, त्या?”

“त्याही. नियमच आहे तसा.”

आमटीवर साय धरली. मेहुणा उठला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. त्याने टोमणा मारला नाही. मारला असता तर इंडेक्सला बरं वाटलं असतं.

पुढचे चार दिवस त्याने रेकॉर्ड रूमच्या टेबलावर नव्या चोवीस चिठ्ठ्या मांडल्या आणि मोडल्या. पहिला शब्द छत्री, हे पक्कं आठवत होतं. मग बेडूक. मग काका. कोळसा चौथा की पाचवा, इथून त्याची पाचावर धारण बसायची. वरून फायली मागायला आलेली माणसं त्याला चिठ्ठ्यांत गढलेला बघून हळूच परत जात. त्यांना वाटे, काहीतरी मोठं काम चालू आहे. दर संध्याकाळी तो काही क्रम यंत्रात भरून बघे आणि यंत्र दर वेळी तेच उत्तर देई. बायको त्या वेळी पाठ करून प्रेसपाशी काम करत असे. ती विचारत नव्हती, आणि तिचं ते न विचारणं त्याला सहन होत नव्हतं.

पाचव्या दिवशी तो दुकानात गेला. जाताना वाटेत त्याने ठरवून ठेवलं होतं, की यंत्रच सदोष आहे असं ठणकावून सांगायचं. मुलीने पट्टी बघितली, दोन प्रश्न विचारले आणि तिला सगळं उमगलं. ठणकावायचं राहूनच गेलं.

“पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं,” ती म्हणाली. “क्रम बदलू नका म्हणून.”

“कॉम्प्युटर शोधून काढू शकत नाही का? शब्द तर सगळे आहेत. फक्त क्रम लावायचा.”

“तुम्ही ते साधं घेतलं होतं की हे? हे. चोवीस.” ती जरा घुटमळली. खरं सांगावं की नाही असं तिला झालं असणार. “बारा असते ना, तर झालं असतं. बाराचे सगळे क्रम कॉम्प्युटर एका दिवसात लावून बघतो. आमच्याकडे एकांचे असेच विस्कटले होते, संध्याकाळपर्यंत मिळाले. चोवीस म्हणजे दुप्पट नाही हो. सूर्य विझेल, तरी ते चालूच राहील.”

“पहिले तीन मला माहीत आहेत,” इंडेक्स घाईने म्हणाला.

तिने फोनवर आकडेमोड केली. “मग लवकर होईल. पंधरा-सोळा लाख वर्षं.”

तिने हे थट्टेने म्हटलं नव्हतं, तेच वाईट. सतरा रकाने त्याने आखले होते. शब्द किती, हा रकानाही त्यात होता, आणि त्यात त्याने स्वतःच्या हाताने महागातल्या यंत्राला दहापैकी दहा दिले होते. तो बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसला. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि सगळ्यात खाली, सांगायलाही शरम वाटेल असा, मेहुण्याच्या त्या ग्रीस लागलेल्या प्लास्टिकचा राग येत होता.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. बारा शब्दांचंही सांगितलं, लपवलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. मग, काहीतरी बरं बोलावं म्हणून, तो म्हणाला, “एक आहे. नाणी कुठे गेलेली नाहीत. तिथेच आहेत. कुठल्या चोराचा बापसुद्धा त्यांना हात लावू शकणार नाही.”

बायको सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

“चोराने नेली असती तर निदान कुणाच्या तरी कामी आली असती,” ती म्हणाली.

मग तिने सुई खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ती रडली. एकोणीस वर्षांत त्याने तिला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. त्याने पाणी आणून दिलं. तिने घेतलं नाही. ते भांडं हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

व्यवहाराच्या दिवशी दोघं शिंप्याकडे निघाली. तिने त्याला चला म्हटलं नव्हतं; तोच चपला घालून मागे आला. कोपरा आला. मग तो म्हणाला, “अगं, चोरी झाली असं सांगू या का?”

“का?”

“लोकांना चोरी समजते. हे… हे समजावून सांगायला किती वेळ लागेल.”

ती शिंप्याच्या दाराकडे वळली.

शिंप्याचं दार उघडंच होतं. खोली रिकामी झाली होती, मशीन बांधून बाजूला ठेवलं होतं, फरशी धुतलेली होती. शिंप्याने तिच्यासाठी खिडकीच्या काचासुद्धा पुसून घेतल्या होत्या. “या, या,” तो म्हणाला. “बघा, कशी निघालीय! तुमच्या हातात द्यायची म्हणून सगळं लख्ख केलं.”

कुणी काही बोलायच्या आत इंडेक्सच पुढे झाला. “आमच्याकडे चोरी झाली,” तो म्हणाला. “सगळं गेलं.”

“अरेरे!” म्हातारा मटकन स्टुलावर बसला. “असं कसं झालं? कुणी केली? कळलं का?”

शिंपी त्याच्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे वळला.

“घरच्याच माणसाने केली,” ती म्हणाली.

शिंप्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि मग स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. म्हातारा जाणता होता. थोड्या वेळाने म्हणाला, “दुसरं एक गिऱ्हाईक आहे. मी त्यांना अडवून ठेवलं होतं. तुम्ही म्हणत असाल तर आणखी…”

“नको. सांगा त्यांना. तुम्हाला जायचंय.” मापं घ्यायला शिंप्याने दिलेली खोलीची जादा किल्ली तिने पर्समधून काढून खिडकीत ठेवली. “एक ओलं फडकं द्याल का? भिंती घाण केल्यात मी. नव्या माणसाला तशी कशी द्यायची?”

तेव्हा कुठे इंडेक्सने भिंतींकडे बघितलं. सहा महिन्यांत तो या खोलीत पहिल्यांदाच येत होता. भिंतीभर तिने पेन्सिलने रेघा मारल्या होत्या, फूटपट्टीने, मापं घालून, आणि प्रत्येक चौकोनात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं. इथे प्रेस. इथे कागद. इथे दोरे. इथे वाळत घालायची दोरी. इथे तयार पुस्तकं. कशालाच आद्याक्षराचा क्रम नव्हता, आणि तरी नुसतं वाचत गेलं तरी कळत होतं, की माणूस आत येईल, पुस्तक इथे ठेवेल, तिथे बसेल, आणि पुस्तक हातोहात फिरत शेवटी दाराशी येईल. त्याने एवढी नीट लावलेली खोली आयुष्यात बघितली नव्हती. ते तिला सांगावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं.

मग त्याची नजर खिडकीजवळच्या चौकोनावर गेली. उजेड थेट येईल पण डोळ्यांवर येणार नाही, अशी जागा बघून आखलेला, लहानसाच. त्यात लिहिलं होतं, ‘ह्यांची खुर्ची’.

शिंप्याने फडकं भिजवून आणून दिलं. तिने ते पिळलं, पदर खोचला, आणि तिथूनच पुसायला सुरुवात केली.